खोडलेल्या ओळी

एखादे पुस्तक लोकांनी वाचू नये असे एखाद्या राज्यकर्त्याला किंवा धर्मपीठाला वाटले, तर ते काय करतील? "जाळून टाकतील!" असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. इतिहासात तसे पुष्कळदा घडलेही आहे. पण पुस्तक जाळणे हा या कामातला अगदी ओबडधोबड प्रकार झाला. त्याहून सफाईदार असा एक प्रकार आहे. पुस्तक जिथल्या तिथे कपाटात राहू द्यायचे. फक्त त्यातली नेमकी काही वाक्ये बदलायची. आणि तीही शिपाई पाठवून नव्हे, तर ज्याचे पुस्तक आहे त्याच्याच हाताने आणि त्याच्याच शाईने!

ही कल्पित गोष्ट नाही. १६२० साली रोममधून एक छापील पत्रक निघाले. त्यात एका खगोलशास्त्रीय ग्रंथातल्या दहा जागा दिल्या होत्या. ज्यांच्याजवळ तो ग्रंथ असेल त्यांनी कोणते शब्द खोडावेत आणि त्यांच्या जागी काय लिहावे, हे त्यात तपशीलवार सांगितले होते. तो ग्रंथ होता निकोलस कोपर्निकसचा. पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरते, हे तुम्ही आज प्राथमिक शाळेत शिकता ते सविस्तर गणितासह मांडणारा ग्रंथ तो हाच.

छापण्याआधी किंवा छापल्यानंतर मजकूर तपासून तो रोखण्याच्या या व्यवस्थेला इंग्रजीतून आलेला 'सेन्सॉरशिप' हा शब्द आपण वापरतो. मराठीत 'अभ्यवेक्षण' असा एक शब्द कोशकारांनी दिला आहे, पण तो उच्चारतानाच दमायला होते. मूळ 'सेन्सर' हा प्राचीन रोममधला एक अधिकारी. शिरगणती करणे हे त्याचे काम, आणि नागरिकांच्या वर्तनावर नजर ठेवणे हेही त्याचेच. माणसे मोजणाऱ्याकडेच माणसांवर पाळत ठेवण्याचे काम असावे, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

ग्रंथ हाताने नकलून काढायचे तोवर त्यांच्यावर पहारा ठेवणे फारसे अवघड नव्हते. प्रती थोड्या आणि त्या कोणाकडे आहेत हेही ठाऊक. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गने खिळ्यांची छपाई सुरू केली आणि सगळा हिशेब बदलला. एकाच वेळी शेकडो प्रती निघू लागल्या व त्या व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांतून युरोपभर पसरू लागल्या. तेव्हा पहाराही तसाच मोठा हवा! १५५९ साली रोमच्या धर्मपीठाने निषिद्ध ग्रंथांची आपली पहिली यादी प्रसिद्ध केली. पुढे या यादीसाठी कार्डिनलांचे एक स्वतंत्र मंडळच नेमले गेले. ही यादी वेळोवेळी सुधारून पुन्हा पुन्हा छापली जात असे. ती कायमची बंद झाली १९६६ साली. म्हणजे चारशेहून अधिक वर्षे ती चालली.

आता आपल्या ग्रंथाकडे वळू. तो १५४३ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात छापला गेला, आणि त्याच वर्षी कोपर्निकस वारला. गंमत अशी की या ग्रंथातली पहिली ढवळाढवळ त्याच्या विरोधकांनी केलीच नाही. छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडर नावाच्या धर्मोपदेशकाने ग्रंथाच्या आरंभी एक निनावी प्रस्तावना घुसडली. तिचा सारांश असा, की वाचकहो, हे खरे मानू नका, ही केवळ आकडेमोड सोपी करण्याची युक्ती आहे. खाली सही नसल्यामुळे पुष्कळांना वाटले की हे कोपर्निकसचेच शब्द. त्याचा मित्र बिशप गीझे संतापला. त्याचा तरुण शिष्य रेटिकस याने तर मित्रांना दिलेल्या प्रतींमधून ती प्रस्तावना लाल रेघा मारून खोडून टाकली. हे लिखाण कोणाचे, ते १६०९ साली केप्लरने आपल्या ग्रंथात जाहीर केले. ओसियांडरचा हेतू कदाचित चांगलाही असेल. ग्रंथावर संकट येऊ नये असे त्याला वाटले असेल. भीतीपोटी केलेली कात्री नेहमी मित्राच्याच हातात असते, एवढे लक्षात ठेवा. पुढे तिचे आणखी नमुने येणार आहेत.

प्रस्तावनेमुळे म्हणा किंवा ग्रंथ अतिशय कठीण म्हणून म्हणा, त्यानंतर सत्तर वर्षे रोमने त्याला हात लावला नाही. उलट त्यातल्या गणिताचा आधार घेऊन १५५१ साली ग्रहांची नवी कोष्टके तयार झाली आणि ज्योतिषी ती वापरू लागले. पृथ्वी फिरते हे ज्यांना मुळीच मान्य नव्हते, असे लोकही ती वापरीत!

चित्र पालटले ते दुर्बिणीमुळे. १६०९ च्या शेवटी गॅलिलिओने आपली दुर्बीण आकाशाकडे रोखली. चंद्रावर डोंगर दिसले, गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले, आणि पुढच्या वर्षाअखेर शुक्राच्या कला दिसल्या. शुक्राच्या कला फार महत्त्वाच्या. शुक्र चंद्राप्रमाणे कोरीपासून पूर्ण बिंबापर्यंत सगळ्या कला दाखवतो. शुक्र सूर्याभोवती फिरत असेल तरच हे शक्य आहे. टॉलेमीची जुनी पृथ्वीकेंद्रित रचना इथे ढासळली.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण पुष्कळ गोष्टीरूप चरित्रांत ती गाळलेली असते. शुक्राच्या कलांवरून शुक्र सूर्याभोवती फिरतो एवढेच सिद्ध होते. पृथ्वी फिरते हे त्यावरून सिद्ध होत नाही. टायको ब्राहे या निष्णात निरीक्षकाने एक तिसरी रचना सुचवली होती. तिच्यात सगळे ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्या सगळ्या लवाजम्यासह स्थिर पृथ्वीभोवती! या रचनेतही शुक्राच्या कला तशाच दिसतात. शिवाय पृथ्वी जर एवढ्या प्रचंड कक्षेत फिरत असेल, तर जवळचे तारे सहा महिन्यांनी किंचित सरकलेले दिसायला हवेत. तसे सरकणे त्या काळी कोणालाही दिसले नव्हते. तेव्हा १६१५ साली कार्डिनल बेलार्मिनोने "मला अजून कोणी पुरावा दाखवलेला नाही" अशा अर्थाचे पत्र लिहिले, यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चुकले ते पुढचे पाऊल. पुरावा नाही म्हणून शोध चालू ठेवायचा, की शोधच थांबवायचा?

१६१६ च्या फेब्रुवारीत रोममधल्या तज्ज्ञ धर्मशास्त्र्यांनी अभिप्राय दिला की सूर्य स्थिर आहे हे मत तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने मूर्खपणाचे आणि धर्माच्या दृष्टीने पाखंडी आहे. बेलार्मिनोने गॅलिलिओला बोलावून ते मत सोडण्याची समज दिली. ५ मार्च रोजी आज्ञापत्र निघाले. पृथ्वीचे फिरणे बायबलशी जुळते असे सांगणारे फोस्कारिनी या धर्मगुरूचे छोटे पुस्तक सरसकट बंद झाले. कोपर्निकसचा ग्रंथ मात्र 'दुरुस्ती होईपर्यंत' स्थगित. सरसकट बंदी का नाही? कारण पंचांगाच्या कामाला तो हवा होता! आकडे हवेत, पण त्या आकड्यांमागचा अर्थ नको, असा हा सौदा होता.

त्याच १६१६ साली इकडे आपल्या गोव्यात, सासष्टीतल्या राचोल येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हे मराठी ओवीबद्ध काव्य रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या मुखपृष्ठावर इन्क्विझिशनच्या म्हणजे धर्मन्यायालयाच्या परवानगीने छापल्याचा उल्लेख होता. ग्रंथकर्ता स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू आणि विषय ख्रिस्ताचे चरित्र, तरीही परवाना सुटला नाही. यावरून ही व्यवस्था किती दूरवर आणि किती बारकाईने पसरली होती याची कल्पना येईल.

दुरुस्त्या ठरवायला चार वर्षे लागली. शेवटी फ्रान्चेस्को इंगोली नावाच्या विद्वानाने त्या तयार केल्या. आता त्यांतल्या काही पाहा. पृथ्वीच्या तीन गतींची सिद्धता अशा अर्थाचे एका प्रकरणाचे नाव होते. त्यात 'गृहीतक' हा शब्द घालायचा. दुसऱ्या एका प्रकरणाच्या नावात सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांना मिळून 'हे तीन तारे' म्हटले होते; ते शब्द काढायचे, कारण पृथ्वी ही आकाशस्थ ज्योतींपैकी एक नाही. सर्वांत मासलेवाईक दुरुस्ती तिसरीच आहे. पहिल्या भागाच्या दहाव्या प्रकरणाअखेर, ताऱ्यांचे अफाट अंतर सांगून झाल्यावर, कोपर्निकसने भारावून जाऊन परमेश्वराच्या या भव्य कारागिरीचा गौरव केला आहे. ते भक्तीचे वाक्यही खोडायचे! का? तर परमेश्वराने विश्व खरोखरच असे रचले आहे, असा त्याचा अर्थ होतो म्हणून. धर्माच्या रक्षणासाठी देवाची स्तुती पुसावी लागली.

हे वाचून तुम्हांला हसू आले असेल, पण एखाददुसरा शब्द बदलून अख्खा सिद्धान्त उलटवता येतो याचे उदाहरण आपल्या घरातही आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे स्पष्ट सांगितले. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये त्यावर टीका केली. या टीकेत त्याने आर्यभटाचे जे वचन दिले आहे, त्यात 'भूः' म्हणजे पृथ्वी असा शब्द आहे. पण पुढच्या टीकाकारांच्या हातून आपल्यापर्यंत आलेल्या पाठात तिथे 'भं' म्हणजे नक्षत्रचक्र असा शब्द आढळतो. एका अक्षराचा फरक. आणि फिरणारी पृथ्वी थांबली, तारे फिरू लागले! आपल्याकडे यासाठी कोणते मंडळ नव्हते, यादी नव्हती, शिक्षा तर नव्हतीच. गुरूची 'चूक' झाकावी अशा आदरबुद्धीनेच हा बदल झाला असावा. पुन्हा पाहा, मित्राच्याच हातातली कात्री.

ब्रह्मगुप्ताचा आक्षेप आणि युरोपातल्या पंडितांचे आक्षेप पुष्कळसे एकाच जातीचे होते. पृथ्वी फिरत असेल तर उंच वस्तू कोसळत कशा नाहीत? वर फेकलेला दगड मागे का पडत नाही? याचे उत्तर तुम्ही धावत्या आगगाडीत बसून स्वतः मिळवू शकता. गाडी सरळ रुळावर एकसारख्या वेगाने जात असताना एक नाणे सरळ वर उडवा. ते तुमच्याच हातात परत येते, मागच्या बाकावर पडत नाही. कारण हातातून सुटतानाच गाडीचा वेग त्याच्यात असतो. गासेंदी या फ्रेंच विद्वानाने १६४० साली मार्सेच्या बंदरात हाच प्रयोग केला. धावत्या जहाजाच्या डोलकाठीवरून त्याने गोळे खाली सोडले. ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले.

रोमचे पत्रक निघाले खरे, पण ते पाळले किती जणांनी? हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही, कारण बंदीचा खरा परिणाम त्यावरून मोजता येतो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ओवेन जिंजरिच याने ते मोजले. कोपर्निकसच्या ग्रंथाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या (१५४३ आणि १५६६) जगभर शिल्लक असलेल्या सुमारे सहाशे प्रती त्याने तीस वर्षे हिंडून पाहिल्या आणि २००२ साली त्यांची सूची प्रसिद्ध केली. इटलीत असलेल्या प्रतींपैकी साधारण साठ टक्के प्रतींत त्या दहा दुरुस्त्या केलेल्या आढळल्या. इटलीबाहेर जवळजवळ नाहीतच! स्पेन आणि पोर्तुगाल हे तर कट्टर कॅथलिक देश. तिथल्या प्रतीही कोऱ्या. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला तर बंदी आल्यावर पुढच्याच वर्षी, १६१७ मध्ये, ग्रंथाची तिसरी आवृत्ती निघाली. गॅलिलिओची स्वतःची प्रत फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातही दुरुस्त्या आहेत, पण रेघा इतक्या हलक्या की खालचा मूळ मजकूर सहज वाचता येतो. आज्ञाही पाळली आणि पुस्तकही वाचवले.

आता गॅलिलिओच्या ग्रंथाची कथा. १६२३ साली त्याचा जुना चाहता कार्डिनल बार्बेरिनी हा 'आठवा अर्बन' या नावाने पोप झाला. गॅलिलिओला धीर आला. दोन्ही विश्वरचनांची तुलना केवळ गृहीतक म्हणून करावी, अशी मोकळीक त्याला मिळाली. त्याने तीन मित्रांच्या संवादाच्या रूपात आणि लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत ग्रंथ लिहिला. परवान्यासाठी रोममध्ये खेटे घातले. मध्येच १६३० साली प्लेगची साथ आली आणि शहराशहरांमधले दळणवळण अडले. अखेर सबंध हस्तलिखित न पाठवता आरंभ आणि शेवट तेवढा रोमला पाठवायचा व उरलेला ग्रंथ फ्लॉरेन्समध्येच तपासायचा, असे ठरले. १६३२ च्या फेब्रुवारीत ग्रंथ छापून झाला. आतल्या पानावर रोम आणि फ्लॉरेन्स या दोन्हीकडच्या परवान्यांची रांगच आहे.

इतके परवाने असूनही सहा महिन्यांत विक्री बंद पडली. जुन्या मताचा कैवार घेणाऱ्या सिंप्लिचिओ या पात्राच्या तोंडी पोपचाच लाडका युक्तिवाद घातला होता, हे अर्बनला फार झोंबले. सत्तरीला टेकलेल्या गॅलिलिओला रोमला बोलावून खटला चालवण्यात आला. २२ जून १६३३ रोजी निकाल लागला. गुडघे टेकून आपले मत त्याला सोडावे लागले, ग्रंथावर बंदी आली, आणि पुढे १६४२ साली मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. ("तरी ती फिरतेच!" असे तो उठताना पुटपुटला, ही गोष्ट छापलेली प्रथम आढळते ती १७५७ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. इन्क्विझिशनसमोर असे पुटपुटण्याइतका तो भोळा नव्हता.) निकालाची प्रत ठिकठिकाणच्या गणिताच्या प्राध्यापकांना वाचून दाखवण्यात आली. ज्यांना धाक घालायचा होता ते नेमके तेच होते.

या ग्रंथात एक मोठी चूक आहे, आणि बंदीने काय बिघडवले हे समजायला ती फार उपयोगी आहे. पृथ्वी फिरते याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून गॅलिलिओने समुद्राच्या भरती-ओहोटीकडे बोट दाखवले होते. व्हेनिसला गोडे पाणी नेणाऱ्या नावा त्याने पाहिल्या होत्या. नाव मंदावली वा वेगाने निघाली की आतले पाणी पुढे-मागे हिंदकळते. पृथ्वीच्या दोन गती मिळून दर ठिकाणचा वेग दिवसातून कमी-जास्त होतो, म्हणून समुद्रही असाच हिंदकळतो, असे त्याचे म्हणणे. या हिशेबाने मूळ भरती दिवसातून एकदा यायला हवी. पण कोकणातल्या कोणत्याही कोळ्याला विचारा! तो सांगेल, भरती दिवसातून दोनदा येते, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. तिथीच्या पाऊणपट करा म्हणजे भरतीची वेळ मिळते, हा त्याचा पिढीजात आडाखा आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. वेळ तिथीवर चालते याचा अर्थ भरतीचे मूळ चंद्रात आहे. केप्लरने १६०९ मध्येच चंद्राच्या आकर्षणाचा उल्लेख केला होता. गॅलिलिओने त्याची टर उडवली! भरतीची खरी उपपत्ती न्यूटनने १६८७ मध्ये दिली.

म्हणजे गॅलिलिओचा निष्कर्ष बरोबर, पण त्याचा आवडता पुरावा चुकीचा. असे विज्ञानात नेहमी घडते. यावर उपाय एकच, तो म्हणजे खुली चर्चा. इटलीतल्या कोणा तरुण गणितज्ञाने उभे राहून "महाशय, माझ्या गावी भरती दोनदा येते, त्याचे काय?" असे विचारायला हवे होते. पण ज्या ग्रंथाचे समर्थन करण्याला बंदी असते, त्याच्यावर टीका करण्यातही अर्थ उरत नाही. टीका करणारा सरकारी भाट ठरतो आणि गप्प बसणारा भित्रा. बंदी घालणारे म्हणतात की आम्ही लोकांना चुकीपासून वाचवतो. प्रत्यक्षात चूक शोधण्याची वाटच ते बुजवतात.

ग्रंथ नाहीसा झाला का? मुळीच नाही. इटलीत तो चोरून, चढ्या भावाने विकला जाऊ लागला. १६३५ मध्ये त्याचे लॅटिन भाषांतर निघाले आणि इटालियन न येणाऱ्या सगळ्या युरोपला तो वाचता आला. पण हे सांगून समाधान मानू नका. बंदीचा घाव ग्रंथाहून न लिहिलेल्या ग्रंथांवर अधिक बसतो, आणि तो घाव दिसत नाही.

देकार्त याचेच पाहा. आलेखासाठी तुम्ही जे दोन अक्ष काढता त्यांना त्याचेच नाव आहे. तो राहत होता हॉलंडमध्ये, रोमच्या हुकमतीबाहेर. १६३३ मध्ये त्याचा विश्वरचनेवरचा ग्रंथ छापायला जवळजवळ तयार होता. त्याने गॅलिलिओचे पुस्तक लायडन आणि ॲमस्टरडॅममध्ये शोधले, तेव्हा खटल्याची बातमी कळली. त्याने आपल्या मर्सेन या मित्राला कळवले की माझा ग्रंथही पृथ्वीच्या गतीवरच उभा आहे, तेव्हा तो मी छापणार नाही. त्याला कोणी नोटीस दिली नव्हती की धमकी दिली नव्हती. हा ग्रंथ निघाला १६६४ मध्ये, देकार्तच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी.

इटलीत तर हे लपणे अंगवळणीच पडले. वायुभारमापकाचा जनक टॉरिचेली याने १६३२ मध्ये गॅलिलिओला पत्र लिहून आपण कोपर्निकसचे अनुयायी असल्याचे मोकळेपणी सांगितले होते. खटल्यानंतर त्याने आपली बुद्धी गणित आणि द्रव-वायूंकडे वळवली. त्यातूनच १६४४ च्या सुमारास पाऱ्याचा प्रसिद्ध प्रयोग निघाला; म्हणजे बुद्धी मेली नव्हती, तिची दिशा मात्र बदलली. बोरेली या दुसऱ्या बुद्धिमान माणसाने १६६६ मध्ये ग्रहांच्या गतीमागच्या बलांचा विचार मांडला, पण पुस्तकाला नाव दिले गुरूच्या चंद्रांचे! 'सूर्य आणि ग्रह' असे जिथे म्हणायचे, तिथे 'गुरू आणि त्याचे चंद्र'. जाणत्यांनी जाणावे. अगदी १७४२ मध्ये न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'वर उत्तम टीपा लिहिणाऱ्या ले स्यूर आणि झाकिये या रोममधल्या दोन धर्मगुरूंनाही तिसऱ्या भागाच्या आरंभी खुलासा करावा लागला, की न्यूटन पृथ्वी फिरते असे धरून चालतो म्हणून समजावताना आम्हांलाही तसे धरावे लागते, पण आम्ही पोपच्या आज्ञा मानणारे आहोत. तोवर इंग्लंडमध्ये ब्रॅडलीने ताऱ्यांच्या प्रकाशाच्या विपथनावरून पृथ्वीच्या गतीचा प्रत्यक्ष पुरावा देऊनही (१७२८) चौदा वर्षे लोटली होती.

याचा फटका दूर चीनलाही बसला. तिथे युरोपीय खगोलशास्त्र नेले ते जेसुइट पंथाच्या धर्मगुरूंनी. त्यांनी टायकोची रचना शिकवली. कोपर्निकसची खरी मांडणी चीनच्या दरबारात सविस्तर पोहोचली ती १७६० च्या सुमारास.

आणि खुद्द गॅलिलिओ? नजरकैदेत असताना त्याने आपला सर्वश्रेष्ठ ग्रंथ पुरा केला. नववीत तुम्ही गतीची समीकरणे शिकता, त्यांचे बीज याच ग्रंथात आहे. पडणाऱ्या वस्तूने कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एका सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत चौपट, तीन सेकंदांत नऊपट. फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो, हेही त्यातच. यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाद कुठेच नाही. तरीही तो इटलीत छापता येईना, कारण गॅलिलिओने पूर्वी लिहिलेले आणि पुढे लिहील ते सगळेच बंद अशी आज्ञा होती! शेवटी हॉलंडचा एल्झेव्हिर हा छापखानेवाला पुढे आला आणि १६३८ साली लायडनला ग्रंथ निघाला. अर्पणपत्रिकेत गॅलिलिओने साळसूदपणे लिहिले, की मी तर हस्तलिखित एका फ्रेंच सरदाराला नुसते पाहायला दिले होते, ते छापले जात आहे हे ऐकून मला आश्चर्यच वाटले! छापील प्रत हाती आली तेव्हा त्याची दृष्टी गेली होती.

यादीतून सुटका कशी झाली ते थोडक्यात सांगतो. १७५८ मध्ये पृथ्वीच्या गतीवरील पुस्तकांची सरसकट बंदी वगळण्यात आली, पण कोपर्निकस, केप्लर आणि गॅलिलिओ यांचे ग्रंथ यादीत तसेच राहिले. १८२० साली रोमच्या विद्यापीठातला सेत्तेले हा प्राध्यापक आपले खगोलशास्त्राचे पाठ्यपुस्तक घेऊन परवाना मागायला गेला. त्यात पृथ्वी फिरते असे सरळ लिहिले होते. तपासणी-अधिकारी अन्फोस्सी याने परवाना नाकारला. वाफेची एंजिने चालू लागली होती, बोलोन्याच्या मनोऱ्यावरून गोळे सोडून पृथ्वीचे परिवलन तपासण्याचे प्रयोगही (१७९१) होऊन गेले होते. पण हा गृहस्थ हटेना! प्रकरण सातव्या पायस पोपपर्यंत गेले आणि निकाल प्राध्यापकाच्या बाजूने लागला. १८३५ च्या यादीत ती तीन नावे प्रथमच दिसली नाहीत. त्याच सुमारास, १८३६ मध्ये, आपल्याकडे सुबाजी बापू या शास्त्र्यांनी पौराणिक, सिद्धान्तातील आणि कोपर्निकसचे अशी तिन्ही मते शेजारी शेजारी मांडून पारखणारे 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे मराठी पुस्तक प्रसिद्ध केले. जवळचा तारा सरकताना बेसेलने मोजला तो १८३८ मध्ये. एका अंशाच्या सुमारे दहा-बारा हजाराव्या भागाइतके ते सरकणे होते. बेलार्मिनोने मागितलेला पुरावा!

जाता जाता एक काम सांगतो. १६५१ साली रिच्चोली या जेसुइट खगोलज्ञाने चंद्राचा नकाशा काढला आणि विवरांना नावे दिली. हाच रिच्चोली पृथ्वीच्या गतीविरुद्ध सत्त्याहत्तर युक्तिवाद मांडणारा. पण त्याने चंद्रावरच्या एका अतिशय देखण्या, त्र्याण्णव किलोमीटर रुंदीच्या विवराला नाव दिले कोपर्निकसचे. शेजारच्या एका विवराला केप्लरचे, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे प्राचीन काळी म्हणणाऱ्या ॲरिस्टार्कसलाही त्याच भागात जागा दिली. या सगळ्यांना आपण 'वादळांच्या महासागरा'त फेकले आहे, असे तो म्हणे. शिक्षा की सन्मान, ते तुम्हीच ठरवा. शुक्ल नवमी-दशमीच्या रात्री साधी द्विनेत्री दुर्बीण घ्या. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेजवळ, मध्यरेषेच्या किंचित वर, कडेने उजळलेली एक गोल वाटी दिसेल. तिच्या पोटात अजून सावली असेल. ते कोपर्निकस. केप्लर पाहायला आणखी एक-दोन रात्री थांबावे लागेल. तिथे सूर्य उशिरा उगवतो.